कॅरोलायनाची उघाडी

फुफीच्या घरात सगळ्यात जास्त बोलायचा तो एसी. खिडकीत बसवलेला, तपकिरी रंगाचा, चालू करताना आधी एकदा खोकायचा आणि मग दिवसभर एका सुरात घरघरत राहायचा. बाहेरच्या बाजूला त्याच्याखाली पत्र्याचा डबा तारेने टांगलेला होता. त्यात थेंब पडायचे, आणि डबा भरत आला की थेंबाचा आवाज बदलायचा. तो बदल ओळखायला मी पहिल्या आठवड्यातच शिकले. डबा उतरवायचा, पाणी बाल्कनीतल्या पुदिन्याला घालायचं, परत टांगायचा. शारजात, रोल्ला नावाच्या बाजारपेठेत तिसऱ्या मजल्यावर ते घर होतं. खाली कापडाची दुकानं, त्यांच्यासमोर संध्याकाळी माणसांची इतकी गर्दी की वरून नुसती डोकी दिसायची. मी सोळा वर्षांची होते. फुफी म्हणजे माझ्या अब्बांची धाकटी बहीण. तिच्या कमरेचा मणका सरकला होता, तिला वाकता येत नव्हतं, म्हणून मला गावाहून बोलावून घेतलं होतं. घरात आम्ही चौघं. फुफी, तिचा नवरा म्हणजे माझे फुफा, त्यांची अकरा वर्षांची नाझिया आणि मी.

हे मी माझ्या नातीच्या वहीत लिहिते आहे. तिने चार पानं लिहून ती टाकून दिली होती, बाकीची कोरी आहेत. माझी शाळा चौथीपर्यंत झाली, पुढची शाळा खाडीपलीकडे होती आणि मुलींना होडीने पाठवत नसत. त्यामुळे माझं लिहिणं सावकाश चालतं. पण घाई कुणाला आहे. सून कामावर गेली की दुपारचे तीन तास माझेच असतात.

फुफीचा स्वयंपाक मी करायचे, पण हुकूम फुफीचा. ती दिवाणावर पाठीखाली दोन उशा घेऊन पडायची आणि वासावरून सांगायची, "हलीमा, कांदा पुढे गेला गो, पाणी मार." खरंच पुढे गेलेला असायचा. फुफा पहाटेची नमाज करून, खबूस रोटी आणि अंडं खाऊन, चार जणांच्या टॅक्सीतून दुबईतल्या देराला जायचे. तिथे एका जहाजाच्या कंपनीत ते कागदपत्रं टाइप करायचे. शुक्रवारी ते मासळी बाजारातून शेरी नाहीतर सुरमई आणायचे. इथे सुरमईला कनद म्हणतात, पण फुफी शेवटपर्यंत सुरमईच म्हणाली. गावाहून आलेला सुका जवळा भाजायचा असेल तर आधी खिडक्या बंद, दाराच्या फटीला ओला टॉवेल, एवढा बंदोबस्त. तरी वरच्या मजल्यावरची केरळची बाई दहा मिनिटांत वाटी घेऊन हजर व्हायची. फुफी म्हणायची, "टॉवेल आपण बिल्डिंगवाल्यांसाठी लावतो, हिच्यासाठी काय भिंत बांधायची?" आणि वाटी भरून द्यायला सांगायची.

नाझिया मात्र त्या घरात असून नसल्यासारखी होती. दोन वर्षांपूर्वी ती आईबरोबर गावाहून आली होती. फुफांच्या मोठ्या साहेबाने खटपट करून तिला एका अमेरिकन शाळेत जागा मिळवून दिली. मुलगी हुशार, लिहायची सुंदर. इंग्रजी तिला सगळं कळायचं. घरी माझ्याशी कधीकधी इंग्रजीत पुटपुटायचीसुद्धा. पण वर्गात तोंड उघडायची नाही. एक शब्द नाही. शाळेच्या ऑफिसात फुफांना बोलावून स्पष्ट सांगितलं होतं की वर्ष संपायच्या आत मुलगी वर्गासमोर बोलली नाही तर तिला वरच्या वर्गात घेता येणार नाही, आणि त्याच वर्गात पुन्हा बसवायला जागा नाही. म्हणजे नाझियाने गावाला परत जायचं, तिथल्या शाळेत घालायचं, तिच्या दादीकडे ठेवायचं. फुफी हे मनाने धरूनच चालली होती. नाझियाचे केस विंचरताना ती मध्येच थांबायची आणि वेणी नुसती हातात धरून बसायची. मला म्हणायची, "तू पण मुकी, ती पण मुकी. दोन मुक्या सांभाळते मी. तुला तरी लग्न करून खपवता येईल."

वर्षाअखेर शाळेत एक प्रदर्शन असायचं. अमेरिका देश व्हायच्या आधी इंग्रजांनी तिथे समुद्रकाठी वसाहती केल्या होत्या, त्यातली एकेक मुलांनी वाटून घ्यायची, तिच्याबद्दल काहीतरी बनवायचं आणि पाहुण्यांसमोर सांगायचं. नाझिया त्या दिवशी घरी आली ती दप्तरासकट माझ्यापाशी स्वयंपाकघरात जमिनीवर बसली.

"सगळ्यांनी गुड वन्स घेतल्या," ती म्हणाली. "व्हर्जिनिया गेली. जॉर्जिया गेली. मला कॅरोलायना उरली."

बाहेरून फुफी म्हणाली, "म्हणजे काय, कोणाची पोरगी आहे का उरायला?"

मी मासे साफ करत होते. नाझिया पुस्तक उघडून वाचायची आणि मला आपल्या भाषेत सांगायची. मला तेव्हा अमेरिका म्हणजे काय हे नीट ठाऊक नव्हतं, पण गोष्ट ऐकायला कोणाला नको असते. इंग्लंडच्या राजाने आठ सरदारांना एक मोठा मुलूख देऊन टाकला. दक्षिणेकडचा, दलदलीचा, डासांचा. तिथे आधीपासून लोक राहत होते, त्यांना कोणी विचारलं नाही. सरदार स्वतः गेले नाहीत, माणसं पाठवली. काही इंग्लंडहून आले, पुष्कळसे बार्बाडोस नावाच्या बेटावरून. त्यांनी रेशमाचे किडे पाळून पाहिले, द्राक्षं लावून पाहिली, ऑलिव्हची झाडं लावून पाहिली. काहीच धड झालं नाही. हरणांची कातडी विकून दिवस काढले. मग एक जहाज दुरुस्तीला बंदरात लागलं आणि त्याच्या कप्तानाने जाताना भाताच्या बियाण्याची एक पिशवी भेट दिली. त्या पिशवीतून कॅरोलायनात भात पिकला आणि ते लोक श्रीमंत झाले.

माझा हात थांबला. "पिशवी दिली आणि पिकला?"

"हो. इट सेज."

"त्या साहेबांच्या मुलखात भात होतो?"

तिने विचार केला. "नाही. गहू होतो."

"मग चिखलात उभं कोण राहिलं?"

नाझियाने पानं उलटली. ते लिहिलेलं नव्हतं. पण एका पानाच्या तळाला छोटं चित्र होतं. दोन काळ्या बायका एका उखळात मुसळांनी भात कांडतायत. एकीचं मुसळ वर, दुसरीचं खाली. खाली एक ओळ होती. नाझियाने ती वाचली आणि हळू आवाजात म्हणाली, "स्लेव्ह. म्हणजे गुलाम. आफ्रिकेतून जहाजाने आणलेल्या."

मी हात धुऊन चित्र जवळून पाहिलं. माझी अम्मा आणि चाची अशाच उभ्या राहायच्या, पाय फाकून, कमरेत जराशा वाकून, एकमेकींकडे न बघता. एका उखळात दोन मुसळं चालवायची तर बघायचं नसतं, ऐकायचं असतं. हे एका दिवसात शिकवून येत नाही. मी म्हटलं, "यांना येत होतं बघ. यांनीच पिकवला असणार."

"पुस्तकात नाही तसं."

"नसेल पुस्तकात."

मग तिने वहीत काहीतरी लिहिलं.

ठरलं ते असं की भाताच्या शेताचा देखावा करायचा. पुस्तकात नकाशासारखं एक चित्र होतं. नदी, नदीकाठी मातीचा बांध, बांधाच्या आत शेतं, आणि बांधाच्या पोटात पाणी येण्याजाण्याची लाकडी नळी. मी ते पाहिलं आणि मला हसूच आलं. ही तर आमची उघाडी. आमचं गाव खाडीकाठचं. भरतीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून बांध घातलेले, आणि बांधात उघाडी बसवलेली. तिला समुद्राच्या बाजूने एक झडप असते, वरून टांगलेली. भरती आली की पाणी झडपेला दाबतं आणि ती आपोआप बंद होते. ओहोटी लागली की आतलं पावसाचं पाणी तिला ढकलून बाहेर जातं. माणसाने काही करायचं नसतं, फक्त झडप नीट आहे ना ते पाहायचं. आमच्या बांधावरची उघाडी अब्बा पाहायचे.

माती आणायला फुफांनी कोणाची तरी पिकअप मागून घेतली आणि एका शुक्रवारी आम्हाला शेजारच्या अजमानला नेलं. रोल्लाची वाळू पाणी धरत नव्हती, ते मीच सांगितलं होतं. अजमानच्या खाडीला तिवरं होती. ओहोटी होती, चिखल उघडा पडला होता. मी चपला काढून आत गेले, घोट्यापर्यंत, आणि तो वास आला. इथे येऊन पाच महिने झाले होते, कोणाची आठवण येऊन रडले नव्हते, पण त्या वासाने डोळे भरले. नाझिया काठावरून म्हणाली, "आपा, इट स्टिंक्स." मी म्हटलं, "चांगल्या मातीला येतोच." आता मी त्याच अजमानमध्ये राहते. खाडीकाठी फिरायला लाकडी वाट केली आहे, लोक फ्लेमिंगोंचे फोटो काढायला येतात. मुलगा मला तिकडे नेतो तेव्हा मी कठड्याला धरून उभी राहते. चिखलात उतरायला आता मनाई आहे.

आठ दिवस आमचं घर म्हणजे खाडी झालं होतं. फुफीची मोठी अॅल्युमिनियमची परात घेतली. अर्ध्या भागात नदी, अर्ध्या भागात शेत, मध्ये मी थापलेला बांध. भात उगवावा म्हणून नाझियाने बासमती तीन दिवस ओल्या कापसात ठेवला. नुसता वास सुटला. कांडलेला तांदूळ उगवत नसतो हे तिला कोण सांगणार, तिने भात फक्त ताटात पाहिलेला. शेवटी कबुतरांना घालायचा गहू आणून पेरला आणि तोच भात म्हणायचं ठरवलं. फुफी दिवाणावरून म्हणाली, "कोणी खायला मागितला नाही म्हणजे झालं." उघाडी फुफांनी केली, टाइपरायटरवर बसणाऱ्या माणसाच्या नेटक्या हाताने. विजेच्या तारा घालतात त्या पाइपचा तुकडा बांधातून आरपार घातला, आणि जुन्या स्लिपरच्या रबराच्या दोन झडपा कापून दोन्ही तोंडांवर टांगल्या. चित्रात होतं अगदी तसं.

चित्रात होतं तसंच, आणि तिथेच माझी झोप उडाली. म्हणजे दुपारची झोप. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी, फुफी आणि नाझिया झोपल्या असताना, मी परातीपाशी बसले. नदीकडची झडप फुफांनी काडी लावून वर उचलून ठेवली होती आणि शेताकडची मोकळी सोडली होती. म्हणजे भरती आली की पाणी सरळ पाइपात शिरणार, आतली झडप ढकलून शेतात जाणार, आणि ओहोटीला झडप बंद होऊन ते तिथेच राहणार. माझ्या लहानपणी एकदा बांधाला खांड पडली होती, खारं पाणी एक रात्रभर शेतात उभं होतं. पुढची तीन वर्षं त्या जमिनीत गवतसुद्धा उगवलं नाही. अब्बा तेव्हा जेवताना कोणाशी बोलत नसत. आणि इथे फुफांनी, एवढ्या शिकलेल्या माणसाने, समुद्राला घरात घ्यायची सोय केली होती. त्यांना चूक सांगणं माझ्याच्याने झालं नसतं. मी डिंकाची बाटली आणली. शेताकडची झडप वर चिकटवून टाकली, नदीकडची काडी काढून मोकळी सोडली. मग पेलाभर पाणी शेतात ओतून पाहिलं. ते झडप ढकलून छान बाहेर गेलं. मला समाधान वाटलं. मी परातीवर ओला कपडा घातला आणि चहा टाकायला उठले. कोणाला काही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी फुफीला जिना उतरवेना, म्हणून परात धरायला मी गेले. शाळेच्या मोठ्या खोलीत टेबलं मांडली होती. नाझियाच्या शेजारच्या टेबलावर व्हर्जिनिया होती. तंबाखूचा मुलूख म्हणून त्या मुलीने वडिलांच्या सिगारेटी ओळीने मांडल्या होत्या. नाझियाची बाई मिस एडना. फुफांना वाटलं होतं गोरी मॅडम असेल. ती आमच्या इमारतीतल्या सुदानी बायकांसारखी काळी, उंच, केस अगदी बारीक कापलेले, आणि चष्मा साखळीने गळ्यात. ती टेबलापाशी आली, मागून दहाबारा पाहुणे. नाझियाच्या हातात कागद होता. तिने ओठ हलवले, आवाज आला नाही. फुफांनी माझ्याशेजारी उभ्या उभ्या एक दुआ पढायला सुरुवात केली. मग नाझियाने कागद खाली ठेवला आणि बोलण्याऐवजी सरळ निळा रंग घातलेल्या पाण्याचा जग उचलून नदीत ओतायला लागली.

पाणी चढलं. झडप बंद झाली. शेत कोरडं. तिने आणखी ओतलं. पाणी बांधापर्यंत चढलं, आणि बांध मी पक्का थापला होता, तो काही फुटला नाही. मग ते परातीच्या काठावरून सांडलं, टेबलावरून वाहत गेलं आणि व्हर्जिनियातल्या सिगारेटी तरंगायला लागल्या. ती मुलगी ओरडली. नाझियाने वाकून पाइपात पाहिलं आणि माझ्याकडे वळली.

"हलीमाआपा, तू हात लावलास?" इतक्या मोठ्याने मी तिला कधी ऐकलं नव्हतं.

"लावला."

"कशाला?"

"उलटी बसवली होती. भरतीचं पाणी शेतात येत होतं."

"यायलाच पाहिजे होतं. तोच तर पॉइंट होता."

"खारं पाणी? शेतात?"

"खारं नाही गो. नदीचं. स्वीट वॉटर. तू मला विचारलं का नाहीस?"

मिस एडनाने विचारलं, ही काय म्हणते? आणि नाझियाने सांगितलं. माझ्यावर चिडलेली होती, त्यामुळे घाबरायचं राहूनच गेलं. हात हलवत, झडप बोटाने उघडझाप करून दाखवत, आमचं गाव, भरती, खारी जमीन, अब्बा, सगळं इंग्रजीत धडाधड. शेजारच्या टेबलांवरची मुलं जवळ आली. मिस एडना मुलांच्या छोट्या खुर्चीवर बसली आणि मला प्रश्न विचारायला लागली, नाझियाच्या तोंडून. खांड पडली तेव्हा तुम्ही काय केलं? बी कसं पेरता? मी दोन शब्द बोलायचे आणि नाझिया त्याचे वीस करायची. मी न सांगितलेलंही तिने सांगितलं असावं, कारण लोक मध्येच हसले.

मग मिस एडना सांगायला लागली आणि नाझिया मला आपल्या भाषेत. कॅरोलायनात शेतं नदीत बरीच वरती होती. तिथपर्यंत समुद्र पोचायचा नाही, पण भरतीचा रेटा पोचायचा, आणि त्या रेट्याने नदीचं गोडं पाणी चढायचं. ते शेतात घ्यायचं, हवं तेव्हा सोडायचं. म्हणून दोन झडपा. पण ज्यांना आफ्रिकेतून धरून आणलं त्यातले कित्येक खाऱ्या खाडीकाठचे होते. तिकडे ते ताडाचं खोड पोखरून बांधात बसवायचे, समुद्राला बाहेर ठेवायला. "मिस म्हणते," नाझिया म्हणाली, "तू लावलीस ती जहाजात बसायच्या आधीची उघाडी."

मी नाझियाला म्हटलं, विचार, त्या बायकांना भात लावायला कोणी शिकवलं.

मिस एडना म्हणाली, कोणी नाही. त्यांना येत होतं, म्हणून तर आणलं.

"त्यांची नावं लिहिलेली आहेत का कुठे?"

हे नाझियाने हळू विचारलं. मिस एडनाने चष्मा काढून साखळीवर सोडला. तिच्या वडिलांच्या आजीची आई त्याच शेतांतली होती, ती म्हणाली. तिचं नाव ठाऊक आहे. तिच्या आधीच्या कोणाचं नाही. मी तिचा हात धरला. तिने तो बराच वेळ सोडवून घेतला नाही. आज इतक्या वर्षांनी तिचा चेहरा मला नीट आठवत नाही, हात आठवतो. गरम, कोरडा, आणि बोटांना खडू.

उठताना ती फुफांना म्हणाली की हा आवाज ऐकायला मी वर्षभर थांबले होते. आता ती वरच्या वर्गात जाईल. फुफांनी तिला दोनदा थँक यू म्हटलं आणि एकदा शुक्रन, आणि मग खिशातून रुमाल काढून व्हर्जिनियाचं टेबल पुसायला लागले.

परतताना टॅक्सी केली. फुफा पुढे पठाण ड्रायव्हरजवळ, मागे आम्ही दोघी, मांडीवर परात. दार लागल्यापासून नाझिया सुरू झाली. न विचारता दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायचा नसतो. डिंक कशाला लावलास. त्या मुलीच्या सिगारेटी मी आता कुठून देऊ. आणि मिसने ताडाचं सांगितलं ते तुला कळलं का, नाही तर मी परत सांगते. तिने परत सांगितलं. मी मान हलवत होते. परातीतलं उरलेलं पाणी माझ्या सलवारीवर सांडत होतं, आणि मला बोलायला जागाच नव्हती.

सिग्नलला ड्रायव्हरने आरशात पाहिलं. "साब, ये लडकी बहोत बोलता है."

"बोलने दो," फुफा म्हणाले.

रोल्ला आलं. आमची इमारत दिसली, वर बाल्कनीत कठड्याला धरून उभी असलेली फुफीही दिसली. नाझिया तेव्हा कॅरोलायनाची गोष्ट पहिल्यापासून सांगत बार्बाडोसपर्यंत आली होती. फुफांनी हात वर करून फुफीला होकाराची खूण केली आणि ड्रायव्हरला म्हणाले, "खानसाब, एक चक्कर और मारो."